खुणेच्या बाहेरचं लोखंड

दस्तगीर कल्हईवाले याचं कुणी कौतुक करायला लागलं की मी अजूनही विषय बदलतो. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. या एका बाबतीत मी निवळलेलो नाही. त्याच्याबद्दल लिहायला बसलोय ते त्याचे गुण गायला नव्हे. गुण आपोआप येतील, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही दोघं कसबा बावड्याचे, एकाच वयाचे. माझे वडील, आप्पा, साखर कारखान्याच्या ऑफिसात होते. त्याचे वडील गल्लोगल्ली भाता घेऊन फिरायचे आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचे. मी मॅट्रिक होऊन पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेतला, तो सातवीतून शाळा सोडून बापाच्या भात्यापाशी बसला. म्हणजे पुढे मी असायला हवं होतं. पण बंधाऱ्यावर पोहायला गेलो की मी पंचगंगेच्या मध्यावर हातपाय मारत असायचो आणि हा पलीकडे जाऊन, परत येऊन, भिंतीवर बसून माझ्या कपड्यांची राखण करत असायचा. कधी चिडवलं नाही. चिडवलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मुंबईजवळच्या समुद्रात तेल लागलं आणि पाण्यात लोखंडी पायांचे प्लॅटफॉर्म उभे राहिले. त्या पायांना गंज कुठे, किती लागलाय हे तपासण्याचं काम मुंबईच्या एका छोट्या कंपनीला मिळालं. मी तेव्हा उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये होतो, तिथून तपासनीस म्हणून मी त्या कंपनीत लागलो. हाताखाली पाण्याला न घाबरणारा माणूस हवा होता. दस्तगीरचं नाव मीच सुचवलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोक असं बोलायला लागले की जणू त्यानेच मला तिथे नेलं होतं.

काम असं. लोखंडाचा पाय समुद्राच्या तळापासून निघतो तो पार वर, माणसं राहतात त्या मजल्यापर्यंत जातो. पाण्याखाली त्याला दुसऱ्या धातूचे ठोकळे जोडलेले असतात, गंज त्यांना खातो आणि पाय वाचतो. वर हवेत रंग लावून भागतं. मधला दोन-तीन पुरुष उंचीचा पट्टा मात्र अनाथ. लाट आली की भिजतो, गेली की उन्हात वाळतो. तिथे ठोकळ्यांचा उपयोग नाही आणि रंगही फार टिकत नाही. ओहोटी लागली की आम्ही दोघं दोरांच्या पाळण्यातून त्या पट्ट्यापाशी उतरायचो, शिंपले आणि शेवाळ खरवडायचो आणि यंत्र टेकवून लोखंडाची जाडी मोजायचो. मला बोट लागायची. पहिल्या दिवशी मी दोनदा ओकलो. दस्तगीरने त्याआधी समुद्र फक्त कॅलेंडरवर पाहिला होता, आणि तो पाळण्यात बसून शेंगदाणे खात होता.

यंत्र माझ्या गळ्यात असायचं, त्याच्या हातात हातोडी. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडे द्यायचा, हात पुसायचा आणि पायावर टकटक करून विचारायचा, "काय पावणं, बरं हाय न्हवं?" कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, हा लोखंडाला म्हणायचा. मग तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत राहायचा. मी एकदा विचारलं, तोंड कशाला उघडतोस? म्हणाला, "अब्बा असंच ऐकतोय. तोंड मिटलं की आपलंच डोकं वाजतंय." बाप भांडं हातात घेऊन बोटाने वाजवायचा आणि तांबं कुठे पातळ झालंय ते कल्हईआधीच सांगायचा. तेच याने उचललं होतं, फक्त भांडं मोठं झालं होतं.

दुसऱ्याच फेरीत एका शिडीचा दांडा माझ्या यंत्राने ठीक म्हणून सांगितला. दस्तगीर म्हणाला, "ह्यो बोलंना झालाय." प्लॅटफॉर्मचा मुख्य साहेब वरून ऐकत होता. त्याने सहज गंमत म्हणून हातोडीचं टोक मारायला सांगितलं, आणि ते टोक दांड्यात पापडात बोट जावं तसं गेलं. साहेब हसला, वर पाळण्याचे दोर धरलेली माणसं हसली. मीही हसलो. त्या दिवसापासून स्वयंपाकी त्याच्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढायचा आणि माझ्या ताटात शेपटीकडचा. हे मी मोजत होतो, याची मला आज लाज वाटते, पण मोजत होतो.

तिथे अधूनमधून एक गोरा पाणबुड्या यायचा. त्याला दस्तगीरचं एक अक्षर कळत नव्हतं, याला त्याचं कळत नव्हतं. तरी पाण्यातून वर आला की गोरा माझ्याकडे न बघता त्याच्याशी हातवारे करत बसायचा. आम्हा दोघांत इंग्रजी येणारा एकच होता, तो मी.

महिन्यातले पंधरा दिवस काम, पंधरा दिवस कोल्हापूर. तिथे तरी सुटका व्हावी, तर आई आधी विचारायची, "दस्तगीर आला न्हवं सुखरूप?" आमच्या माडीवर पत्र्याची पाण्याची टाकी होती. एकदा तो चहाला आला, कप हातात घेऊनच टाकीपाशी गेला आणि बोटाने वाजवत खालून वर आला. एका उंचीवर थांबला.

"आप्पा, ही टाकी रिकामी करा. हितनं जाणार."

मी म्हणालो, "तळ बघ की. पाणी सगळं तळाशी असतंय, गंज तळाला लागंल."

"तळ कायम पाण्यात हाय, त्येला काय धाड भरल्या? वरचं कायम कोरडं हाय. रोज सकाळी पाणी चढतंय, दुपारी उतरतंय, ती रेघ बघ. बुडल्यालं बी जगतंय, कोरडं बी जगतंय. ह्ये रोज भिजून रोज वाळतंय, त्ये मरतंय."

डिप्लोम्याच्या पुस्तकात हे दीड पानात होतं, मी ते पाठही केलेलं होतं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ तोटी सोडली. टाकी रिकामी झाल्यावर त्या रेघेवर त्यांनी अंगठा दाबला तर पत्र्याचा खपला हातात आला. "दस्तगीरला डिप्लोमा करायला लावायला पाहिजे होता," आप्पा म्हणाले. गमतीने म्हणाले असतील, मला ती गंमत आठवडाभर पुरली.

मग मी माझं डोकं चालवलं. दर वेळी कुठेही मोजायचं, हे मला अशास्त्रीय वाटायचं. या वेळची जाडी मागच्या वेळच्या जाडीशी ताडून पाहायची तर जागा तीच हवी. म्हणून मी प्रत्येक पायावर, प्रत्येक आडव्या पाइपावर पिवळ्या रंगाच्या खुणा केल्या आणि त्यांना नंबर दिले. खुणेवरचं शेवाळ घासून काढायचं, जाडी मोजायची, आणि खूण पुढच्या वेळी सापडावी म्हणून तिथे जाड रंगाचे दोन हात मारायचे. मुंबईच्या ऑफिसला पद्धत फार आवडली. इतर प्लॅटफॉर्मवरही ती सुरू करायचं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या नावाचं काहीतरी उभं राहत होतं, आणि त्यात हातोडीचा काही संबंध नव्हता. दस्तगीर मन लावून खुणा रंगवायचा. "झ्याक दिसालंय," म्हणायचा. दोन वर्षं आकडे उत्तम आले.

पावसाळ्याआधीची शेवटची तपासणी होती. पावसाळ्यात तिथे पाळणा सोडता येत नाही, जे बघायचं ते त्याआधी. बोटीतून प्लॅटफॉर्मवर चढायचा एक लोखंडी जिना होता, तो एका आडव्या पाइपावर पेललेला. समुद्र खवळला की बोट नेमकी तिथेच आदळते, आणि पाळी बदलताना आठ-आठ माणसं एकाच वेळी त्या जिन्यावर असतात. त्या पाइपावरची खूण सात नंबरची. मी यंत्र टेकवलं, आकडा आला, लिहिला. दस्तगीर खुणेवर हातोडी मारून पुढे सरकला, थबकला, परत मागे आला. मग खुणेवर एकदा, खुणेच्या बाजूला एकदा, असं त्याने चार-पाच वेळा केलं.

"अरव्या, यंत्र हिकडं लाव."

"खूण तिथं आहे."

"म्हणूनच म्हणतोय. खुणंपासनं एक ईत उजवीकडं लाव."

लावलं. आकडा बघून मी यंत्राची वायर झटकली, परत लावलं. निम्म्याहून कमी.

तो शांतपणे म्हणाला, "लगा, आपून जितं मोजतोय तितंच घासतोय, तितंच रंग लावतोय. दोन वर्षं आपून निस्तं आपल्या रंगाचं आरोग्य तपासालोय. बाजूचं लोखंड कोण बघालंय?"

आणखी तीन खुणांच्या बाजूला मोजलं. तिथेही कमी-अधिक तेच. माणसं, जिना, पावसाळा, यातलं काही माझ्या डोक्यात आधी आलं नाही. आधी आलं ते असं की हेही यालाच कळलं.

रिपोर्ट मी लिहायचो. दस्तगीरला इंग्रजी येत नव्हतं, तो सांगायचा आणि मी लिहायचो, खाली सही माझी. त्या वेळी मी लिहिलं की सर्व खुणांवरील जाडी समाधानकारक आहे. यातला एक शब्दही खोटा नव्हता. खुणेच्या बाहेरचं मी लिहिलं नाही. पावसाळा संपला की नवी पद्धत म्हणून मीच सुचवीन, दोन वर्षांची माझी आब्रूही राहील, आणि एका पावसाळ्याने काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं.

परतीच्या बोटीत त्याने विचारलं, "सात नंबरचं लिवलंस न्हवं?"

"लिहिलं."

त्याने मान हलवली आणि झोपी गेला. माझ्यावर त्याचा इतका विश्वास होता, याचाही मला रागच आला.

कोल्हापुरात आल्यावर चौथ्या दिवशी दुपारी तो घरी आला. त्याच्या वडिलांची दृष्टी गेली होती, भाता कधीच बंद झाला होता. म्हातारा विचारत होता की पोरगा समुद्रात नेमकं काय ठोकतो. दस्तगीर म्हणाला, "म्या सांगून त्येला पटंना. त्यो रिपोर्ट वाचून दाव की. सात नंबरचं आईकव."

मी म्हणालो, रिपोर्ट मुंबईला गेला. आप्पा आतून म्हणाले, "त्याची कार्बन कॉपी तुझ्या टेबलावर आहे की. काल बघितली मी." आणि आणून माझ्या हातात दिली.

त्यांच्या घरापुढे बाजेवर म्हातारा बसला होता. मला जवळ बसवून घेतलं, गुडघ्यावर हात ठेवला. "वाच बाबा. मराठीत सांग."

कागद उघडला. त्यावर जे होतं ते दोन मिनिटांत वाचून झालं असतं. मी कागदाकडे बघत बघत जे नव्हतं ते वाचायला लागलो. सात नंबरच्या खुणेवर हातोडीचा आवाज खणखणीत, पण खुणेपासून एक वीत उजवीकडे आवाज बसलेला. यंत्राने पाहता जाडी निम्म्याहून कमी. हे दस्तगीर कल्हईवाले यांच्या लक्षात आले. जिना तातडीने बंद करावा. इतका चांगला रिपोर्ट मी आयुष्यात लिहिलेला नाही. म्हातारा तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत होता.

"परत वाच," तो म्हणाला. "त्या आवाजाचं."

मी परत वाचलं. दुसऱ्यांदा मी म्हणालो, खुणेपासून एक वीत डावीकडे.

म्हातारा म्हणाला, "मघाशी उजवीकडं म्हणालास."

दस्तगीर उठला आणि माझ्या हातातून कागद घेतला. इंग्रजी त्याला येत नव्हतं, आकडे येत होते. सहा, सात, आठ असे नंबर त्याने बोटाने शोधले आणि सातपुढची ओळ बोटानेच शेवटपर्यंत चाचपली. मग आठपुढची. मग सहापुढची.

"सगळ्या वळी सारख्याच हायत की," तो हळूच म्हणाला. "येवढं समदं एवढ्याशा वळीत कसं मावलं?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो मी, सापडला नाही. लोखंडाला टकटक करून ऐकताना तो जसा दिसायचा तसाच दिसत होता.

"काय रं, काय झालं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काय न्हाय अब्बा. डावं-उजवं चुकलं त्येचं. आईकलंस न्हवं? असं काम हाय आमचं." मग मला दाराबाहेर आणून म्हणाला, "ज्येंची पाळी संपत्या असं आठ जण परवा त्याच जिन्यानं उतरणार. तार हापिस उघडं आसंल अजून. माझी सायकल घे, तुझ्यापरास ती पळती."

एवढंच. शिवी नाही, चार माणसांत पाणउतारा नाही. बावड्यापासून तार ऑफिसपर्यंत पायडल मारताना मला त्याची तीच गोष्ट सगळ्यात जास्त झोंबत होती. मी त्याच्या जागी असतो तर गल्ली गोळा केली असती.

तार केली. खुणांवरची मोजणी भरवशाची नाही, जिना बंद ठेवा, सविस्तर मागून. लिहिताना त्याचं नाव घालायचा विचार आला होता. तारेत कमी शब्द वापरतात, असं मी मनाशी म्हणालो आणि नाव घातलं नाही. नंतरच्या पत्रातही घातलं नाही, आणि तिथे तर शब्दांची काही अडचण नव्हती.

जिना दोरीने बंद झाला. पाइप कापून काढला तेव्हा सात नंबरच्या खुणेचा चौकोन तेवढा जाड आणि आजूबाजूला जुन्या परातीसारखा पत्रा उरला होता. नवा पाइप पावसाळ्याआधी बसला. मुंबईच्या ऑफिसने माझी पाठ थोपटली: आपल्याच पद्धतीतली चूक उघड करायला धैर्य लागतं म्हणाले. खुणेच्या बाहेरही मोजायचं, असा नियम माझ्या नावाने निघाला आणि वर्षभरात मला ऑफिसात बढती मिळाली. मी एकदाही तोंड उघडलं नाही. दस्तगीरने पेढे खाल्ले, "आता तुझं वकणं बंद," म्हणाला. त्याला खरोखर आनंद झाला होता. हेच तर माझ्याने सोसवत नव्हतं.

त्याने फक्त एक केलं. पुढच्या रजेपासून तो आमच्या घरी यायला लागला. माझ्याकडे नव्हे, आप्पांकडे. इंग्रजी शिकायला. पस्तिशीतला बाप्या माझ्या लहानपणच्या पाटीपुढे मांडी घालून बसायचा, आणि आप्पा, ज्यांनी मला कधी शेजारी बसवून शिकवल्याचं आठवत नाही, ते त्याचा हात धरून अक्षरं गिरवून घ्यायचे. मी मुंबईहून आलो की आई त्याच्या वह्या दाखवायची. "अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे त्याचं," आप्पा म्हणाले, आणि होतंच ते. शिकतोयस कशाला, असं मी त्याला विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. आमच्यात ते तसंच राहिलं. आप्पांनी ती कार्बन कॉपी त्या आधीच वाचली होती का, हेही मी त्यांना शेवटपर्यंत विचारू शकलो नाही.

तो मला शेवटचा दिसला कोल्हापूर स्टेशनवर. त्यानंतर त्या गोऱ्या पाणबुड्याने त्याला आखातात बोलावून घेतलं आणि आमच्या रजा पुन्हा कधी जुळल्या नाहीत. त्या दिवशी मी मुंबईला निघालो होतो, गाडी लागलेली होती. तो खिडकीपाशी आला. हातात चार कागद. त्याने स्वतः लिहिलेला पहिला रिपोर्ट, सुटीत घरी बसून पुरा केलेला. आता त्या प्लॅटफॉर्मचे रिपोर्ट माझ्या टेबलावर यायचे आणि तपासले म्हणून खाली सही मी करायचो.

मी वाचायला लागलो. क्रियापदं भलतीकडे, स्पेलिंगं भलतीच. पण ओळी लहान-मोठ्या होत्या. जिथे सांगण्यासारखं होतं तिथे तीन-तीन ओळी, जिथे नव्हतं तिथे एक शब्द. कुठे कसा आवाज आला, किती वीत बाजूला, कुठल्या ओहोटीला, सगळं होतं. दुरुस्त्यांसाठी मी खिशातून लाल पेन्सिल काढली. ती काढताना मला बरं वाटलं, हे कबूल करतो. इतक्या वर्षांनी अखेर त्याच्यात चुका सापडल्या होत्या.

त्याने पेन्सिलीकडे पाहिलं. गाडी हलली. चार पावलं खिडकीबरोबर चालत, नेहमीच्याच आवाजात तो म्हणाला, "इंग्रजी सुधार, अरव्या. लोखंड मातूर सुधारू नगंस."

आणि थांबला. मी मागे वळून पाहिलं तेव्हा तो स्टेशनाबाहेर निघालेला होता, पाठमोरा, सायकल लावली होती त्या बाजूला. ते वाक्य मी मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. इतकं नेमकं आपल्याला जन्मात बोलता आलं नसतं, हे मला आधी वाटलं. लाज वाटली ती मिरज आल्यावर.